जीन गन पहिल्यांदा चालवताना: अर्जापासून हिरव्या पेशींपर्यंत

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी एक प्रथिन पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं, हे बघायचं होतं. त्यासाठी त्या प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचं, म्हणजे हिरव्या प्रकाशानं चमकणाऱ्या प्रथिनाचं, जनुक जोडून तो डीएनए कांद्याच्या पेशींत जीन गननं घालायचा, असं जूनमध्ये ठरलं. आता नोव्हेंबर संपतोय आणि काम झालंय. सुरुवातीला वाचायला माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या: यंत्राची माहितीपुस्तिका, आणि शोधनिबंधांतल्या 'सोन्याच्या कणांवर डीएनए चढवून १,१०० पीएसआय दाबानं मारा केला' अशा ओळी (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब). त्या एका ओळीमागे किती आठवडे असतात, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

आधी पद्धत थोडक्यात. सोन्याचे किंवा टंगस्टनचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे, त्यांच्यावर डीएनए चिकटवायचा आणि ते कण इतक्या वेगानं पेशींवर आदळायचे की पेशीभित्तिका आणि पटल भेदून ते आत जातील. कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन सॅनफर्ड, एडवर्ड वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे यंत्र घडवलं. १९८७ साली 'नेचर'मध्ये त्यांचा जो निबंध आला, त्यातही लक्ष्य कांद्याच्या पेशींचंच होतं आणि कण टंगस्टनचे होते. तेव्हा कणांना वेग द्यायला बंदुकीच्या दारूचा स्फोट वापरत. हेलियम नंतर आला. पपईवरच्या रिंगस्पॉट विषाणूला दाद न देणारी हवाईतली 'रेनबो' पपई १९९८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली, तिच्यामागेही हेच तंत्र आहे. मी वापरलेलं यंत्र पीडीएस-१०००/एचई या प्रकारचं, टेबलावर ठेवायचं, निर्वात कक्ष असलेलं. हातात धरायची हेलिऑस जीन गन वेगळी; तिची कृतीही वेगळी.

ॲग्रोबॅक्टेरियम, म्हणजे वनस्पतीच्या पेशीत स्वतःहून डीएनए घालणारा जीवाणू, का नाही, हा प्रश्न मला समितीनंही विचारला आणि मैत्रिणींनीही. जीवाणूला ते झाड मानवावं लागतं, त्याच्यासाठी वेगळा वाहक (जनुक वाहून नेणारा डीएनए) बांधावा लागतो. जीन गनचं काम भौतिक आहे, तिला कोणती वनस्पती, कोणती पेशी याचं सोयरसुतक नसतं. साधं प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूंत असतं तसं डीएनएचं छोटं कडं, चालतं. आणि कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात पेशींचा एकच थर असतो. पेशी मोठ्या, पारदर्शक आणि हरितलवकं नसलेल्या, त्यामुळे हरितद्रव्याची लाल चमक निरीक्षणाच्या आड येत नाही.

कागदपत्रं

जूनच्या शेवटी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज केला. मला वाटलं होतं, कांद्याच्या पापुद्र्यासाठी कोण कशाला अडवेल. पण अर्जात जनुक कुठून घेतलं, वाहक कोणता, प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) कोणता, प्रतिजैविकाला रोध देणारं जनुक आहे का, प्रयोग कोणत्या सुरक्षा पातळीच्या खोलीत होणार आणि शेवटी त्या पेशींचं काय करणार, हे सगळं लिहायचं होतं. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण विल्हेवाटीच्या रकान्यात मी फक्त 'ऑटोक्लेव्ह' (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) लिहिलं होतं. त्यांना तापमान, वेळ, नोंद कोण ठेवणार आणि प्लेट प्रयोगशाळेतून ऑटोक्लेव्हपर्यंत कशात घालून नेणार, हे हवं होतं. १२१ अंश सेल्सिअस, २० मिनिटं, झाकणाच्या डब्यातून, नोंदवही अमुक ठिकाणी, असं लिहिल्यावर तो रकाना मार्गी लागला. एक वाक्य मात्र पहिल्याच अर्जात असू द्या: ही अभिव्यक्ती (जनुकापासून प्रथिन बनणं) तात्पुरती आहे, पेशींपासून रोप वाढवलं जाणार नाही. आमच्या बाबतीत त्या वाक्यानं बरेच पुढचे प्रश्न मिटवले.

समितीची बैठक ऑगस्टच्या मध्यात होती. तोपर्यंत थांबणं भाग होतं आणि त्या दिवसांत मी खूप अस्वस्थ होते. बरोबरीच्यांचे प्रयोग चाललेले, आणि माझ्या वहीत फक्त पत्रव्यवहार. आता वाटतं, थांबण्याचा तो काळ खरेदीसाठी लागणारच होता. म्हणून अर्ज आणि मागणीपत्रं एकाच आठवड्यात पुढे सरकवा.

खरेदीत सगळ्यात जास्त शंका सोन्यावर येते. मागणीपत्रात 'सोनं' हा शब्द दिसला की भांडार विभाग, लेखा विभाग, सगळे स्पष्टीकरण मागतात. 'मायक्रोकॅरिअर, सोन्याचे सूक्ष्मकण, व्यास १ मायक्रोमीटर, प्रयोगात खर्च होणारं साहित्य' असं लिहिलं आणि सोबत माझ्या मार्गदर्शक मॅडमचं अर्ध्या पानाचं पत्र जोडलं, तेव्हा कागद हलले. हे कण ०.६, १ आणि १.६ मायक्रोमीटर अशा आकारांत मिळतात. टंगस्टन पुष्कळ स्वस्त पडतं, पण त्याचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो, काही पेशींना ते सोसत नाही, आणि त्यावर चढवलेला डीएनए हळूहळू खराब होतो. सोनं निष्क्रिय असतं. मी सोनंच घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

खर्चाचा अंदाज बांधताना सोन्यापेक्षा इतर वस्तूंकडे जास्त लक्ष द्या. प्रत्येक फैरीला एक रप्चर डिस्क, एक मॅक्रोकॅरिअर आणि एक स्टॉपिंग स्क्रीन खर्ची पडते (यांचं काम पुढे सांगते). सराव, कंट्रोल (तुलनेसाठीच्या फैरी) आणि वाया जाणाऱ्या फैरी धरून मागणी करा. फक्त प्रयोगाच्या प्लेट मोजून मागवलं तर मधेच साहित्य संपतं आणि पुन्हा कोटेशनपासून सुरुवात होते. हेलियम उच्च शुद्धतेचा लागतो. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलेला असल्याशिवाय आमचे सुरक्षा अधिकारी सही करत नव्हते, आणि ते योग्यच होतं.

यंत्राशी ओळख

परवानगीचं पत्र ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडलं. सोनं सप्टेंबरमध्ये आलं. मधल्या दिवसांत प्लाझ्मिड मोठ्या प्रमाणात तयार करून ठेवलं. डीएनए १ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर इतका दाट आणि स्वच्छ हवा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की पुढे जावं.

यंत्राची भीती मला खरोखर होती. दाबाखालचा वायू, निर्वात कक्ष आणि स्फोटाचा आवाज, हे तिन्ही एकत्र. प्रयोगशाळेतल्या सीनियरनी ती भीती घालवली. त्यांनी आधी यंत्र बंद ठेवून एकेक भाग माझ्या हातात दिला. वर रप्चर डिस्क. खालून हेलियमचा दाब वाढत नाही, वरून वाढतो. ठरलेल्या दाबाला डिस्क फुटते. फुटल्यावर वायूचा झोत मॅक्रोकॅरिअर नावाच्या पातळ प्लॅस्टिकच्या चकतीला खाली फेकतो. या चकतीच्या खालच्या अंगाला सोनं वाळवलेलं असतं. चकती थोडंसं अंतर जाऊन धातूच्या जाळीवर, म्हणजे स्टॉपिंग स्क्रीनवर, अडकते आणि सोन्याचे कण जाळीतून पार होऊन प्लेटवर आदळतात. कक्षातली हवा काढायची ती एवढ्यासाठी की इतक्या बारीक कणांचा वेग हवा क्षणात मारून टाकते.

नंतर सोनं न लावता, रिकाम्या मॅक्रोकॅरिअरवर सरावाच्या फैरी झाडल्या. साहित्य खर्च होतं, पण हा खर्च टाळू नका असं मी आग्रहानं सांगेन. क्रम हातात बसतो: डिस्क ७० टक्के आयसोप्रोपॅनॉलमध्ये क्षणभर बुडवून टोपीत बसवायची (जास्त वेळ ठेवली तर तिचे थर सुटू शकतात), टोपी टॉर्क पान्यानं घट्ट करायची, जाळी आणि मॅक्रोकॅरिअर बसवायचे, प्लेट शेल्फवर ठेवायची, दार लावायचं, निर्वात २८ इंच पाऱ्यापर्यंत आणायचा, कळ 'होल्ड'वर न्यायची आणि 'फायर'चं बटण डिस्क फुटेपर्यंत दाबून धरायचं. दाब चढायला दहा-बारा सेकंद लागतात. मग एक 'टप' असा आवाज येतो, अपेक्षेपेक्षा बराच लहान. लगेच बटण सोडायचं आणि लगेच 'व्हेंट' करायचं, कारण निर्वातात पेशी वाळत असतात.

सिलिंडरच्या रेग्युलेटरवर दाब डिस्कच्या दाबापेक्षा २०० पीएसआय जास्त ठेवायचा. ११०० ची डिस्क असेल तर १३००. आणि दर वेळी डिस्क प्रत्यक्षात किती दाबाला फुटली, ते वहीत लिहायचं. डिस्क एकमेकींना चिकटलेल्या असतात. चुकून दोन बसल्या तर त्या भलत्याच दाबाला फुटतात आणि ते फक्त या आकड्यावरून कळतं. टोपी सैल असेल तर दाब चढतच नाही. डोळ्यांवर गॉगल प्रत्येक फैरीला. दाराला तडा नाही ना, हे रोज सकाळी.

सोनं

यंत्र दोन दिवसांत जमतं. सोनं जमायला मला महिना लागला. सप्टेंबर जवळजवळ सगळा त्यातच गेला.

कृती छापील आहे आणि साधी दिसते. ३० मिलिग्रॅम सोनं ७० टक्के इथेनॉलमध्ये व्हॉर्टेक्स करायचं (ट्यूब जोरात थरथरवणाऱ्या यंत्रावर ढवळायचं), १५ मिनिटं मुरू द्यायचं, निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवायचं आणि ५० टक्के ग्लिसरॉलच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये घ्यायचं. त्यातले ५० मायक्रोलिटर वेगळ्या ट्यूबमध्ये घेऊन, ट्यूब व्हॉर्टेक्सवर फिरत असतानाच, या क्रमानं घालायचं: ५ मायक्रोलिटर डीएनए, २.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड ५० मायक्रोलिटर, ०.१ मोलर स्पर्मिडीन २० मायक्रोलिटर. कॅल्शियम आणि स्पर्मिडीन मिळून डीएनएला द्रावणातून सोन्याच्या पृष्ठभागावर बसवतात. दोन-तीन मिनिटं व्हॉर्टेक्स, मिनिटभर स्थिर, दोन सेकंदांचा सेंट्रिफ्यूज. मग आधी ७० टक्के आणि नंतर शंभर टक्के इथेनॉलनं धुवायचं आणि शेवटी शंभर टक्के इथेनॉलच्या ४८ मायक्रोलिटरमध्ये कण मोकळे करायचे. त्यातले सहा-सहा मायक्रोलिटर एकेका मॅक्रोकॅरिअरच्या मध्यभागी. हिशेबानं आठ होतात, पण थोडं वाया जातं; एका ट्यूबमध्ये सहा फैरींची सोय धरायची.

अडचण अशी की सोनं जड आहे. पिपेट ट्यूबपासून मॅक्रोकॅरिअरपर्यंत नेईपर्यंत कण टीपमध्ये खाली बसायला लागतात. पहिल्या चकतीवर पाणचट थेंब, शेवटच्या चकतीवर घट्ट गाळ. यावर उपाय म्हणजे ट्यूब व्हॉर्टेक्सवर चालूच ठेवायची, प्रत्येक थेंब तिथूनच उचलायचा आणि क्षण न दवडता सोडायचा. दोघी असाल तर एकीनं ट्यूब धरावी, दुसरीनं पिपेट. आम्ही शेवटपर्यंत तसंच केलं.

दुसरी अडचण गुठळ्यांची. ती मला सगळ्यात जास्त छळणारी ठरली. कण एकमेकांना चिकटले की तो गोळा पेशीत शिरत नाही, पेशी फोडतो. पहिली खरी फैर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. नुसत्या जीएफपीचं प्लाझ्मिड, कांद्याचा पापुद्रा एमएस माध्यमाच्या (वनस्पतीपेशींना लागणाऱ्या क्षारांच्या) आगरवर पसरलेला, ११०० ची डिस्क, ६ सेंटिमीटर अंतर. प्लेट अंधारात २२ अंशांवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मधोमध पापुद्रा अक्षरशः फाटलेला, भोवती मेलेल्या पेशींचं कडं, आणि हिरव्या पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या थोड्या पेशींनीसुद्धा मला धीर दिला, कारण डीएनए, प्रमोटर आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा या तिन्ही गोष्टी ठीक आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. बिघाड सोन्यात होता.

मग सीनियरनी एक गोष्ट दाखवली, जी मला कोणत्याही पुस्तिकेत दिसली नव्हती. सोनं वाळल्यावर मॅक्रोकॅरिअर यंत्रात घालण्यापूर्वी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात कमी भिंगाखाली बघायचा. चांगला लेप मंद तपकिरी आणि सारखा दिसतो, तव्यावर नीट पसरलेल्या धिरड्यासारखा. गुठळ्या असतील तर काळे ठिपके लगेच ओळखू येतात. अशी चकती बाजूला काढायची, फैर वाया घालवायची नाही. या एका तपासणीनं माझे पुढचे कितीतरी दिवस वाचले.

गुठळ्यांची कारणं एकेक करून शोधली. शंभर टक्के इथेनॉलची बाटली बरेच महिने उघड-बंद होत आलेली होती. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग सोनं वाळताना कण एकवटतात. नवी, सीलबंद बाटली उघडली आणि लेपात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडला. चकत्या वाळताना खोलीतली हवा दमट असेल तरी हाच त्रास होतो, म्हणून त्या सिलिका जेल ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात वाळवायला लागलो. स्पर्मिडीन साठवणीत बिघडतं. ते लहान लहान भागांत उणे २० अंशांवर ठेवलं आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवला नाही. डीएनए जास्त घातला तर जास्त पेशी मिळतील, असं वाटतं. प्रत्यक्षात जास्तीचा डीएनए कणांना एकमेकांशी बांधतो. ५ मायक्रोग्रॅमच्या वर मी गेलेच नाही.

ऑक्टोबर

पापुद्र्याचीही एक युक्ती सापडली. आधी सोलून आगरवर पसरलेला पापुद्रा निर्वातात आक्रसतो, त्याच्या कडा उचलल्या जातात. त्याऐवजी कांद्याच्या पाकळीचा चौकोनी तुकडाच प्लेटवर ठेवायचा, आतली बाजू वर करून, आणि पापुद्रा दुसऱ्या दिवशी बघायच्या आधी सोलायचा. काही प्रयोगशाळा असंच करतात. आमच्याकडे पेशी जास्त जगल्या. कांदा मात्र ताजा आणि कडक हवा. मऊ पडलेल्या कांद्याचा पापुद्रा सोलतानाच फाटतो.

कंट्रोलशिवाय मारा करू नका. एक प्लेट नुसत्या सोन्याची, एक डीएनए नसलेल्या पण बाकी सगळं घातलेल्या सोन्याची. मेलेल्या आणि जखमी पेशी निळ्या प्रकाशात पिवळट-हिरव्या चमकतात, आणि उत्साहाच्या भरात त्याही जीएफपीच वाटतात. ओळखायचं कसं? तीच पेशी लाल फिल्टरनं बघायची. तिथेही चमकली, तर ती जीएफपी नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या फैरीनंतर प्लेट काढल्या आणि दृष्टिक्षेत्रामागून दृष्टिक्षेत्र हिरव्या पेशी दिसत गेल्या. नुसतं जीएफपी लहान असतं, साधारण २७ किलोडाल्टन, त्यामुळे ते केंद्रकाच्या छिद्रांतून आपसूक आत जातं. म्हणून केंद्रक उजळलेलं, आणि तिथून पेशीभर पसरलेले पेशीद्रव्याचे धागे. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली तर त्या धाग्यांतून कण वाहताना दिसत होते. पेशी जिवंत होती. जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला पेशीद्रव्याचा प्रवाह मी तोवर कधी असा पाहिला नव्हता, आणि तो ज्या प्रथिनामुळे दिसत होता त्याचं जनुक आदल्या दिवशी आम्हीच तिथे पोहोचवलं होतं. मॅडमना बोलावलं. त्याही बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसल्या.

त्यानंतर खऱ्या प्रश्नाकडे वळलो. माझ्या प्रथिनाला जोडलेलं जीएफपी आणि वेगळ्या प्लाझ्मिडवर लाल चमकणारं एमचेरी, दोन्ही एकाच सोन्यावर चढवले. एकाच कणावर दोन्ही डीएनए असल्यामुळे बहुतेक पेशींना दोन्ही मिळतात. एमचेरी पेशीभर पसरतं, तेव्हा पेशीला मारा लागला आहे आणि ती धडधाकट आहे याची साक्ष तिथेच मिळते. हिरवा रंग फक्त केंद्रकात होता. एका प्लेटवर विश्वास ठेवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. म्हणून वेगवेगळ्या दिवशी, नव्यानं लेपलेल्या सोन्यावर तीच फैर पुन्हा केली. उत्तर बदललं नाही. १६ ते २४ तासांच्या दरम्यान बघणं सगळ्यात बरं. फार उशीर केला तर पेशी प्रथिनानं इतक्या भरतात की ते नको तिथेही साचायला लागतं.

अंतर आणि दाब यांची जुळवाजुळव प्रत्येक पेशीप्रकाराला नव्यानं करावी लागते. कांद्याला आमचे आकडे चालले. शेजारच्या गटातल्या एकीला कॅलसवर, म्हणजे माध्यमावर वाढवलेल्या वनस्पतीपेशींच्या गोळ्यावर, मारा करायचा होता. तिच्यासाठी पेशी आधी काही तास मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) घातलेल्या माध्यमावर ठेवाव्या लागल्या, म्हणजे त्या थोड्या आक्रसतात आणि छिद्र पडल्यावर पेशीतला द्रव बाहेर उसळत नाही. स्थायी रूपांतर, म्हणजे जनुक कायमचं बसलेलं रोप, हवं असेल तर पुढे निवड, पुनर्जनन, आणि वेगळी परवानगी. तो रस्ता कितीतरी लांबचा आहे.

काम संपल्यावर यंत्र नुसतं बंद करून जायचं नाही. सिलिंडर बंद करायचा, मग कक्षात निर्वात तयार करून 'फायर' दाबायचं आणि नळीत अडकलेला हेलियम सोडून द्यायचा. दोन्ही दाबमापक शून्यावर आलेले बघूनच उठायचं. मॅक्रोकॅरिअरचे धारक इथेनॉलनं पुसायचे. प्लेट डब्यातून ऑटोक्लेव्हला, आणि नोंदवहीत सही. समितीला समाप्तीचा अहवाल मी गेल्या सोमवारी दिला, त्यात किती प्लेट झाल्या, केव्हा नष्ट केल्या आणि प्लाझ्मिडचा उरलेला साठा कुठे आहे, एवढंच विचारतात. नोंदवही रोजच्या रोज लिहिलेली असेल तर तासाभराचं काम. उरलेलं धुतलेलं सोनं ग्लिसरॉलमध्ये, तयार केल्याची तारीख घालून, फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय. पुढच्या महिन्यात शेजारच्या गटातली ती मुलगी ते वापरणार आहे.